न दिलेल्या प्रवचनांचं लाकूड



ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो आहे. त्यांना एका शब्दाची चीड होती : उपजत. एखाद्या मुलाने बरं चित्र काढलं आणि कोणी म्हणालं, ‘याच्या हातात उपजतच आहे हो,’ की गुरुजी त्या मुलाला उभं करत आणि विचारत, ‘कोणाचं बघून शिकलास?’ मुलगा गोंधळायचा. मग हळूहळू नावं निघायची. आजीची रांगोळी, गल्लीतला पाट्या रंगवणारा, सुताराच्या दुकानासमोर घालवलेली सुट्टी. ती नावं बाहेर पडेपर्यंत गुरुजी त्याला खाली बसू देत नसत.

आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या माणसाच्या नावापुढे जगातल्या संग्रहालयांनी ‘स्वयंशिक्षित’ अशी पाटी लावली आहे. एलायजा पिअर्स. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर, तिथल्या ईस्ट लाँग स्ट्रीटवर दाढी-कटिंगचं दुकान चालवणारे, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लाकूड कोरणारे पिअर्स. कोणत्याही कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत, तेव्हा पाटी एका अर्थाने खरीच आहे. पण ती वाचताना मला दर वेळी गुरुजींचा प्रश्न ऐकू येतो. आजचा तास मी त्या प्रश्नालाच देणार आहे.

पिअर्स यांचा जन्म 5 मार्च 1892 चा, मिसिसिपी राज्यातल्या बाल्डविन गावाजवळच्या शेतावरचा. वडील रिचर्ड पिअर्स हे गुलाम म्हणून जगलेले. म्हणजे ज्या हाताने पुढे लहान एलायजाला चाकू दिला तो हात एके काळी कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचा होता. आपल्याकडे 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून मोकळं केलं त्यांना ती अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेत ज्यांच्या सुटकेचा आनंद आहे त्या लाखो माणसांपैकी रिचर्ड हे एक. मोकळे झाले, जमीन कसू लागले, चर्चमध्ये डीकन झाले. पण 1890 मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि साक्षरतेची अट, मतदानासाठीचा कर अशा वाटांनी काळ्या माणसाचं मत काढून घेतलं. दोन वर्षांनी एलायजा जन्मले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या काळच्या दक्षिणेत गोरा माणूस काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणत नसे. साठीच्या म्हाताऱ्यालाही नुसत्या नावाने किंवा ‘बॉय’ म्हणून हाक मारली जाई. मराठीत कलावंताबद्दल आपण प्रेमाने एकेरीत बोलतो, आणि एरवी मीही तसंच बोललो असतो. पण आज मी शेवटपर्यंत पिअर्स यांना अहो-जाहोच करणार आहे. लहानपणच्या एलायजापुरती तेवढी सूट घेतो.

तर हा एलायजा शेतात रमत नव्हता. भाऊ नांगरामागे जायचे आणि हा कुत्र्याला घेऊन रानात. सातआठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एक घडीचा चाकू दिला. गुळगुळीत सालीची झाडं शोधून तो त्यांच्यावर प्राणी, बाण, नावं कोरायचा. आईचे भाऊ, लुईस वॉलेस मामा, यांनी त्याला लाकडाची ओळख करून दिली. कोणतं मऊ, कोणतं चिवट, कोणतं वाळल्यावर तडकतं, ही ओळख पुस्तकातून होत नाही. शेजारी बसून, बोटाने दाबून, नखाने खरवडून ती होते. गुरुजींनी विचारलं असतं तर हे पहिलं नाव निघालं असतं.

दुसरं नाव बाल्डविनमधल्या न्हाव्याच्या दुकानाचं. मिसरूडही न फुटलेल्या वयात एलायजा तिथे काम शिकला. या शिक्षणाकडे कलेवर लिहिणारे ‘पोटाचा धंदा’ एवढंच म्हणून पुढे जातात. मला ते पटत नाही. वस्तऱ्याचा हात म्हणजे काय याचा जरा विचार करा. केस कोणत्या बाजूला वळतो ते आधी बोटाने चाचपायचं. आधी सुलट हात, मग हलकेच उलट. पातं किती कलतं धरायचं हे गालावर वेगळं, हनुवटीखाली वेगळं, गळ्याच्या गाठीवर आणखी वेगळं. केसभर जास्त खोल गेलं की रक्त. लाकडालाही असेच रेषे असतात, आणि रेषेच्या उलट पातं घातलं की ढलपी निघते. पिअर्स यांच्या फळ्या जवळून पाहिल्या की कळतं, हा हात रेषा वाचूनच पुढे सरकतो. साठ वर्षं रोज माणसांच्या गालावर ज्यांनी हा सराव केला, त्यांना ‘प्रशिक्षण नाही’ असं आपण म्हणावं? जीवघेण्या धारेचं पातं विश्वासाने त्यांच्या हाती देऊन, मान मागे टाकून, डोळे मिटून बसणारी माणसं त्यांची रोज परीक्षा घेत होती.

तरुणपणातले काही प्रसंग मी भराभर सांगतो. 1915 मध्ये लग्न झालं, मुलगा झाला आणि थोड्याच काळात पत्नी वारल्या. 1920 मध्ये गावच्या माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चने प्रवचन करण्याचा परवाना दिला. मध्येच केव्हातरी एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा संशय त्यांच्यावर आला. गुन्हा त्यांचा नव्हता. पण त्या प्रदेशात त्या काळी संशय आणि जमाव यांच्या मध्ये न्यायालय येईलच असं नसे. ते निसटले. पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्यांनी तो प्रसंग फळीवर कोरला, ‘एलायजा जमावाच्या हातून सुटतो’ या नावाने. शीर्षकात त्यांनी स्वतःचं नाव घातलं, आणि हे नाव तर बायबलमधल्या संदेष्ट्याचं. राजाच्या कोपापासून जीव वाचवत रानोमाळ पळालेल्या एलायजाची गोष्ट त्यांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ होती. त्यामुळे फळी बघणाऱ्याला दोन्ही एलायजा एकदम दिसत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून 1970 पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. पिअर्स त्या लोंढ्यातले एक. इलिनॉयमध्ये त्यांना कॉर्नेलिया भेटल्या, आणि त्यांच्यामागून ते 1923 मध्ये कोलंबसला आले. तिथेच लग्न झालं. तिथेच न्हाव्याचं काम. उरलेलं सगळं आयुष्य त्याच शहरात.

आता हत्तीची गोष्ट. 1920 च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेलियांच्या वाढदिवसाला पिअर्स यांनी एक छोटा लाकडी हत्ती कोरून दिला. त्यांना तो इतका आवडला की पिअर्स म्हणाले, मग तुला अख्खं प्राणिसंग्रहालयच करून देतो. आणि खरंच एकामागून एक प्राणी कोरू लागले. मिसिसिपीच्या रानात सालीवर चालणारा चाकू मधली काही वर्षं मागे पडला होता, तो एका बाईच्या आनंदासाठी पुन्हा उघडला गेला. कोणी समीक्षक नव्हता, कोणी गिऱ्हाईक नव्हतं. कॉर्नेलिया नुसत्या कौतुक करणाऱ्या नव्हत्या. तुकडे जुळवायला, मांडायला, लोकांना दाखवायला त्या बरोबरीने असत. कलेच्या इतिहासात अशा बायकांची नावं तळटिपेत जातात. मी त्यांना तिसरा गुरू म्हणेन, कारण आपण कोरलेलं कोणीतरी बघतं आणि हरखतं हे पिअर्स यांना त्यांनी शिकवलं.

प्राण्यांवरून ते बायबलवर आले. 1932 मध्ये ‘लाकडाचं पुस्तक’ पुरं झालं : सात मोठ्या फळ्या, येशूच्या आयुष्यातले 33 प्रसंग. महामंदीचं ते साल. न्हाव्याच्या खुर्चीतही माणसं कमी बसत असतील, असं माझ्या मनात येतं. हे पुस्तक घेऊन नवरा-बायको उन्हाळ्यात जत्रांमधून, चर्चमधून हिंडत. फळी उभी करायची आणि पिअर्स एकेका प्रसंगावर बोट ठेवून ती गोष्ट सांगायचे. बघणाऱ्यांपैकी काहींना वाचता येत नसेलही, पण गोष्ट त्यांच्या कानात होती. ती डोळ्यांपुढे आणायचं काम हे पुस्तक करी. माझ्या लेखी पिअर्स यांचं खरं प्रदर्शन हेच. त्यानंतर चाळीस वर्षांनी जी भिंत मिळाली ती शांत होती, आणि तिथे गोष्ट सांगणारा माणूस शेजारी उभा नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी मी आजचा विषय घेतला तिच्याकडे येतो. परवाना मिळूनही पिअर्स यांनी व्यासपीठावरून प्रवचन करायचं टाळलं. आपल्याला बोलावणं आलं होतं आणि आपण पळालो, ही बोच त्यांना आयुष्यभर होती. ते म्हणत, मी धर्मसेवेपासून पळालो म्हणून देवाने मला लाकडाच्या ढिगापाशी बसवलं. जी प्रवचनं मी दिली नाहीत ती प्रत्येक मला आता कोरावी लागतात. हे ते कुरकुरत सांगत नसत, हिशेब सांगावा तसं सांगत. देणं आहे, फेडतो आहे.

1956 ची एक फळी आहे, ‘देवाचं ऐक आणि जग’. तिच्यात त्यांच्या तरुणपणची एक रात्र आहे. घरात बायबल होतं आणि शेजारी सिअर्स-रोबक कंपनीचं मालाचं सचित्र सूचिपत्र. त्या काळी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत हे जाडजूड सूचिपत्र घरोघर असे. बायबल वाचायचं सोडून त्यांनी हात सूचिपत्राकडे नेला. तेवढ्यात एक हात त्यांच्या डोक्याला लागला आणि ते खाली कोसळले. घरच्यांना वाटलं, गेला. त्यांना सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. फळीवर ते साधं घर आहे, घाबरलेली घरची माणसं आहेत, आणि वरून आलेला तो हात आहे. ही फळी मला फार मोठी वाटते. नवी वस्तू विकत घेण्याची स्वप्नं बघणाऱ्या एका गरीब तरुणाचं मन त्या दोन पुस्तकांच्या मधल्या वीतभर जागेत पकडलं आहे. दुसऱ्या कोणी त्याला दोष दिलेला नाही. पिअर्स स्वतःच चाळीस-एक वर्षांनी बसून आपला तो क्षण कोरतात, रंगवतात आणि दुकानात सगळ्यांना दिसेल असा लावतात.

ते करत कसे, तेही सांगतो, कारण गुरुजींना ते आवडलं असतं. पाइनसारख्या मऊ लाकडाची फळी घ्यायची. पेन्सिलीने ढोबळ आखायचं. घडीचा चाकू आणि पटाशी घेऊन आजूबाजूचं लाकूड काढत जायचं, म्हणजे माणसं वर उठून येतात. मग घासायचं, कधी काचकागदाने, कधी फुटक्या काचेच्या तुकड्याने. काचेची ताजी कड लाकडावर रंध्यासारखी चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. त्यानंतर घराला लावतात तसला चकचकीत रंग, वर रोगण. कधी रंगावर चमकी टाकायची, कधी खोटे हिरे चिकटवायचे. चमकीवर नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच सांगतो की देवाला नटवताना हात आखडता घेणं ही सगळ्या जगाची रीत नाही.

त्यांची ‘क्रूसारोहण’ ही मोठी फळी 1930 च्या दशकातली. तिच्यात आकृत्या वेगवेगळ्या कोरून मग एका पाठफळीवर बसवलेल्या आहेत. चाळिसेक असतील. मध्ये क्रूस आणि चोहीकडे माणसंच माणसं. पुढचं मोठं आणि मागचं लहान हा नियम इथे नाही. प्रत्येकाला आपली जागा आहे, प्रत्येक जण पुरता दिसतो, कोणी कोणाच्या आड नाही. ‘त्यांना यथार्थदर्शन जमत नव्हतं’ असं याला म्हणतात. मला वाटतं, गर्दीतलं एकही माणूस झाकू द्यायचं नाही असा हा हट्ट आहे. ज्यांच्या जमातीची शिरगणती मतदारयादीतून वगळण्यासाठी होत आली, त्यांनी आपल्या फळीवर कोणाला कोणाच्या मागे लपवावं?

धर्माचंच सगळं होतं असं मात्र नाही. लाँग स्ट्रीट हा कोलंबसमधल्या काळ्या वस्तीचा कणा. त्या रस्त्यावरचं न्हाव्याचं दुकान म्हणजे वर्तमानपत्र, पंचायत आणि विसावा. गोऱ्या माणसांच्या कानावर जाऊ नये असं बोलायची हक्काची जागा. 1937 साली जो लुईसने जेम्स ब्रॅडॉकला पाडून जगज्जेतेपद मिळवलं आणि अमेरिकेतल्या प्रत्येक काळ्या मोहल्ल्यात रात्रभर जल्लोष झाला. पिअर्स यांनी ती झुंज कोरली. ‘सोमवार सकाळच्या चहाड्या’ कोरल्या. पर्ल हार्बर, राष्ट्राध्यक्ष, वॉटरगेटनंतर व्हाइट हाउस सोडणारे निक्सन, गावचाच फुटबॉलपटू आर्ची ग्रिफिन, केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग. दुकानात जे जे बोललं गेलं ते लाकडावर आलं. आणि छोटे प्राणी ते गिऱ्हाइकांना असेच देऊन टाकत. केस कापून घ्यायला आलेला माणूस खिशात लाकडी प्राणी घेऊन घरी जाई. म्हणून मी म्हणतो, चौथा गुरू ती खुर्ची. आरशाकडे तोंड करून बसलेली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हकिकती सांगणारी माणसं.

1960 च्या दशकात त्या वस्तीच्या आणि शहराच्या मधोमध मोठा द्रुतगती महामार्ग काढला गेला, घरंदुकानं उठली, वस्ती तुटली. पिअर्स यांचं दुकान चालू राहिलं. कॉर्नेलिया 1948 मध्येच गेल्या होत्या. 1952 मध्ये पिअर्स यांनी एस्टेल यांच्याशी लग्न केलं.

बाहेरच्या जगाने त्यांना पाहिलं तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीच्या पुढे होते. ओहायो राज्य विद्यापीठात शिल्पकला शिकणारे बोरिस ग्रुनवाल्ड यांनी एका स्थानिक प्रदर्शनात त्यांचं काम बघितलं आणि हरखून गेले. ग्रुनवाल्ड युगोस्लाव्हियाचे. तिथल्या ह्लेबिने गावात 1930 च्या सुमारास शेतकऱ्यांनी काचेवर चित्रं रंगवायला घेतली होती आणि इव्हान गेनेरालिच हे त्यांच्यातलं नाव युरोपभर गेलं होतं. शाळेबाहेरच्या कलेला मान देणारी नजर ग्रुनवाल्ड यांनी घरून आणली होती. अमेरिकेतल्या माणसाचं मोल अमेरिकेतल्या त्याच शहराला कळायला परदेशातून एक विद्यार्थी यावा लागला, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. 1971 मध्ये विद्यापीठात प्रदर्शन झालं. 1973 मध्ये झाग्रेबच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात पिअर्स यांना पहिलं पारितोषिक मिळालं. 1980 मध्ये मानद डॉक्टरेट. 1982 मध्ये अमेरिकी सरकारने लोककलावंतांसाठी राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू केला, त्याच्या पहिल्याच तुकडीत ते होते, चार्ल्सटनचे लोहार फिलिप सिमन्स आणि गायक बिल मन्रो यांच्या बरोबरीने. त्याच साली वॉशिंग्टनच्या कॉरकोरन कलादालनात काळ्या लोककलावंतांचं जे गाजलेलं प्रदर्शन झालं त्यातही ते होते. 7 मे 1984 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी, ते गेले. आज कोलंबसच्या कलासंग्रहालयात त्यांच्या शंभराहून अधिक कलाकृती आहेत, आणि 2020 मध्ये फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

‘शोध’ हा शब्द इथे फार वापरला जातो. पिअर्स यांचा शोध 1970 च्या सुमारास लागला म्हणे. लाँग स्ट्रीटवर ज्यांचे केस ते कापत होते त्यांना ते कधी सापडायचे राहिलेच नव्हते. जत्रेत ‘लाकडाच्या पुस्तका’पुढे उभ्या राहिलेल्या बाईला कोणी जाऊन सांगावं की तू पाहिलंस ते अजून कोणी पाहिलेलं नाही? सन्मान आले ते योग्यच झालं, उशिरा झालं हा आपला दोष. पण पिअर्स यांचं काम 1932 मध्येच पोचलं होतं, जिथे पोचायचं तिथे.

मग ‘स्वयंशिक्षित’चं काय करायचं? मी तो शब्द सोडून दिला आहे. चाकू वडिलांचा, लाकडाची पारख मामांची, हात न्हाव्याच्या दुकानाचा, गोष्टी चर्चच्या बाकांवरून ऐकलेल्या, आणि त्या दाखवायची हिंमत कॉर्नेलियांची. उभं राहून नावं सांगायला लावलं असतं तर पिअर्स यांना बराच वेळ उभं राहावं लागलं असतं, आणि त्यांनी सगळ्यात आधी देवाचं नाव घेतलं असतं. त्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा अधिकार मला नाही.

एक शेवटचं नाव सांगतो, ते मात्र उलट बाजूचं, शिष्याचं. लेरॉय आल्मन हे जॉर्जियातल्या टॅलापूसा गावचे. कामासाठी कोलंबसला आलेले. दोघांचं चर्च एकच. 1970 च्या दशकाच्या अखेरीस, पिअर्स वयाने थकल्यावर, आल्मन त्यांच्या दुकानात येऊन बसू लागले. खुर्चीवरचं काम थांबलं होतं, दुकानाचं कलादालन झालं होतं, भिंतीभर फळ्या टांगलेल्या. म्हातारबुवा आखून देत, हे कोरत. कधी हे सुरुवात करत, ते पुरं करत. पुढे आल्मन टॅलापूसाला परतले, जिथे जन्मले ते घर दुरुस्त करून त्याच्या तळघरात कोरत राहिले आणि प्रवचनंही करू लागले. 1997 मध्ये तेही गेले. त्यांनी दोघांनी मिळून केलेल्या काही फळ्या आज संग्रहांत आहेत. त्यांच्यावर दोन सह्या आहेत, एक पिअर्स यांची आणि एक आल्मन यांची.